रॉक मशीनला नक्कल म्हणू नका

मुंबईच्या रॉकचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं. "रॉक मशीन होते तोवर अमेरिकन बँडची नक्कल करत होते, इंडस क्रीड झाल्यावर खरे आपले झाले." चांगली जाणकार माणसंसुद्धा हे बोलून जातात. मला ते अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते आज सविस्तर लिहितोय.

ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९८४ साली मुंबईत रॉक मशीन हा बँड सुरू झाला. गिटारवर महेश तिनईकर, बेसवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया आणि ज्याच्या आवाजाने बँड ओळखला गेला तो उदय बेनेगल. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा पहिला अल्बम, १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग'. १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झालं, 'प्रिटी चाइल्ड'ला एमटीव्ही एशियाचा प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून त्यांच्या आधीच्या कामाकडे पोरखेळ म्हणून बघायची रीत पडली.

आता जरा सालं बघा. सॅटेलाइट टीव्ही आपल्याकडे आला १९९१ मध्ये. म्हणजे लॉस एंजेलिसचे बँड केस फुलवून, चकचकीत कपडे घालून एमटीव्ही गाजवत होते तेव्हा मुंबईत ते चॅनेल दिसतच नव्हतं. इथल्या पोरांच्या हातात काय होतं? कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेली गाणी, परदेशातून कुणी आणलेली मासिकं. चांगली गिटार, चांगला अँप मिळवणं हाच एक खटाटोप. तेवढ्यावर त्यांनी त्या संगीताची पूर्ण घडण कानाने उलगडली. ती घडण सोपी नाही हो! हेअर मेटलचा, म्हणजे त्या केस फुलवलेल्या बँडच्या रॉकचा, कोरस ऐका. गायक एकटा गात नसतो, मागे दोन-तीन आवाज वेगवेगळ्या सुरांत रचलेले असतात, म्हणून तो कोरस इतका रुंद वाटतो. स्नेअर ड्रमच्या ठोक्याला भरपूर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, द्यायचा आणि तो विरायच्या आत कापायचा, मग तो ठोका छातीत बसतो. कीबोर्ड रिफच्या, म्हणजे गिटारच्या परत परत येणाऱ्या तुकड्याच्या, खाली नुसता पसरून ठेवायचा नाही, गिटारला उत्तर द्यायला लावायचा. हे सगळं रॉक मशीनच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. आज हेडफोन लावून त्यांचं 'टॉप ऑफ द रॉक' ऐका, मी काय म्हणतोय ते कळेल.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ही त्यांची स्वतःची गाणी होती. त्या काळात रॉकच्या शोला येणाऱ्या पब्लिकला ओळखीची गाणी हवी असायची. डीप पर्पल वाजवा, लेड झेपलिन वाजवा. कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवणाऱ्याला टाळ्या नक्की, नवीन गाणं वाजवणाऱ्याला नाही. अशा गर्दीसमोर स्वतः लिहिलेलं गाणं घेऊन उभं राहायचं, ते पब्लिककडून म्हणवून घ्यायचं आणि त्याचा अल्बमही काढायचा. असं काम करणाऱ्यांना नक्कल करणारे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसरा आक्षेप नटण्यावर असतो. लांब केस, घट्ट पँट, सगळा दिखावा. हेअर मेटलवरच हा राग जगभर काढला गेलाय, पण मराठी माणसाने तरी तो काढू नये. पुरुषाने नटून रंगमंचावर यावं आणि अख्ख्या सभागृहाने वेडं व्हावं, हे बालगंधर्वांनी आपल्याला दाखवलं. त्यांच्या शालूंची, दागिन्यांची, अंबाड्याची नक्कल घराघरांतल्या बायका करायच्या. त्यांच्या पदांमागे वाजणारा ऑर्गन पश्चिमेकडून आलेला होता, तरी नाट्यसंगीत परकं आहे असं कुणी म्हणत नाही. थाट हा तिथे गाण्याचाच भाग होता. मग गिटारवाल्याने केस वाढवले की तेवढ्याने त्याचं गाणं पोकळ कसं ठरतं?

तरी एक मान्य करतो. हेअर मेटलमध्ये फालतू गाणी ढिगाने झाली. पोरी, पार्टी, गाडी यापलीकडे शब्द जात नाहीत, आणि बायकांकडे बघण्याची नजर कित्येकदा किळसवाणी आहे. ते झाकून ठेवायची गरज नाही. पण चांगल्या गाण्यांतला उघडा, न लाजता केलेला आनंद मला नंतरच्या पिढीच्या कितीतरी 'गंभीर' रॉकमध्ये सापडत नाही.

रंगभवन हे खुलं नाट्यगृह आठवतं ना? धोबीतलाव, झेवियर्सच्या मागे. मरीन लाइन्सला उतरायचं आणि काळ्या टी-शर्टांच्या मागे चालत सुटायचं, पत्ता विचारावाच लागायचा नाही. वर छप्पर नाही, ऑगस्टचा पाऊस, आणि १९८६ पासून भरणारं इंडिपेन्डन्स रॉक हे रॉक संमेलन. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमामुळे तिथली गाणीबजावणी थांबली. हॉस्पिटलशेजारी आवाज नको हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्या बदल्यात दक्षिण मुंबईत तशी स्वस्त, उघडी, सगळ्यांना परवडणारी दुसरी जागा उभी राहिली नाही, याचं दुःख मला आजही आहे. कॉलेजातल्या पोराने खिशातल्या पैशांत मोठ्या स्टेजवर रॉक बँड बघायचा तर आज कुठे जायचं?

हा प्रवाह आटला असं मात्र समजू नका. गंगटोकचा गिरीश अँड द क्रॉनिकल्स २००९ पासून हेच ऐंशीच्या दशकातलं हार्ड रॉक छाती पुढे काढून वाजवतोय. त्यांचा गायक गिरीश प्रधान २०२४ मध्ये 'द एंड मशीन'च्या अल्बमवर गायला. त्या बँडमध्ये गिटारवर जॉर्ज लिंच आणि बेसवर जेफ पिल्सन, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या डॉकेन या अमेरिकन बँडमधली माणसं. ज्यांच्या कॅसेट उतरवून आपली पोरं शिकली, त्यांनी स्वतःच्या बँडसाठी सिक्कीमचा गळा निवडला. नक्कल करणाऱ्याला असं बोलावणं येत नाही.

तुमच्यापैकी कुणाकडे रॉक मशीनच्या जुन्या शोची तिकिटं, पोस्टर, फोटो, घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेट असतील तर कृपा करून स्कॅन करा, डिजिटाइज करा आणि कमेंटमध्ये टाका. साल आणि जागा आठवत असेल तर तेही लिहा. कॅसेटची टेप फार वर्षं टिकत नाही.