समई काही हलेना

कॉम्प्युटरवर चित्र उतरवून घेणं फार सोपं असतं, असं ज्यांना चित्र उतरवायचं नसतं ते छातीठोकपणे सांगतात. माऊसचं उजवं बटण दाबा, 'सेव्ह इमेज अ‍ॅज' म्हणा, झालं. गुलाबाचं फूल असं येतं, हे मान्य. पण चित्र हलणारं असेल, म्हणजे डोळा मारणारं मांजर, पंख फडफडवणारं पाखरू किंवा आमच्या वाट्याला आली तशी तेवणारी समई, तर ते इंटरनेटवर दिवसभर नाचतं आणि घरी आणलं की पाहुण्यांसमोर 'गाणं म्हण' सांगितलेल्या पोरासारखं थिजून बसतं.

समई हवी होती सोसायटीच्या गणपतीला. आम्ही नाशिकरोडला, जेल रोडवर राहतो. भाद्रपदात इकडे पाऊस मांडवात आडवा शिरतो, त्यात खरी समई टिकत नाही, आणि टिकलीच तर कापडाचा मांडव टिकेल याची खात्री नाही. म्हणून कमिटीने ठरवलं, मूर्तीशेजारी टीव्ही लावायचा आणि त्यावर समई तेवत ठेवायची. कमिटी म्हणजे आमचे सासरे, अण्णा. बाकीचे सभासद सही करायला.

"अगं, शोधून ठेवलीय मी. आता फक्त घ्यायची राहिलीय," अण्णा म्हणाले. घरात कॉम्प्युटरवर पगार मिळवणारी मी एकटी, त्यामुळे 'फक्त घ्यायचं' ते सगळं माझ्याकडे येतं.

समई खरंच देखणी होती. पितळी, पाच वातींची. आधी सगळा अंधार, मग एकेक वात लागते, ज्योती जरा डुलतात आणि पुन्हा पहिल्यापासून. मी उजवं बटण दाबलं, फाईल आली, डबल क्लिक केलं. समोर समई. न पेटलेली. वाती कोरड्या, मागे काळोख.

आई, म्हणजे सासूबाई, गवारीची ताटली घेऊन मागून चालल्या होत्या. थबकल्या. "सणासुदीचं हे काय उघडून बसलात? पेटवा ती आधी."

पेटवायची कशी, यावर अण्णांनी एंटर दाबून पाहिलं, मग जरा जोरात दाबून पाहिलं.

यात चित्राचा काही गुन्हा नसतो. असं हलणारं चित्र बहुधा जिफ फाईल असतं, आणि जिफ म्हणजे एकाच पाकिटात भरलेली चित्रांची चवड. कॉम्प्युसर्व्ह नावाच्या अमेरिकन कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या चमूने हा प्रकार १९८७ साली काढला. १९८९ साली त्यात सुधारणा झाली आणि कुठलं चित्र किती वेळ थांबवायचं तेही फाईलमध्ये लिहिता येऊ लागलं. पुढे नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नेटस्केप ब्राउझरने 'संपलं की पुन्हा सुरू कर' ही सूचना जोडली, आणि तेव्हापासून जगभरची मांजरं डोळे मारायची थांबलेली नाहीत. फाईल घरी येते तेव्हा ही सगळी चवड तिच्यात शाबूत असते. पण कॉम्प्युटरबरोबर फुकट आलेल्या, चित्रं उघडायच्या प्रोग्रामला पान उलटता येत नसेल, तर तो पहिलंच पान धरून बसतो. आमचं पहिलं पान अंधाराचं होतं. मी तीच फाईल माऊसने ओढून ब्राउझरच्या खिडकीत टाकली. पाचही वाती लागल्या. आईंनी हातातल्या गवारीसकट नमस्कार केला.

इथे हा लेख संपायला हवा होता. पण अण्णांची उभी नोकरी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये गेली आहे. १९२८ पासून तिथे नोटा छापतात, आणि प्रती काढणं हे ज्याचं काम पण एक प्रत जास्त निघाली तर ज्याची झोप उडते, असा माणूस इंटरनेटवरून चित्र उचलू देत नाही. "हे कुणाचं आहे? विचारलंस का?" मी म्हटलं, अण्णा, सगळे असंच घेतात. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी निमूटपणे चित्र काढणाऱ्याचं पान शोधलं. वापरायला त्याची मुभा होती. नसती तर माझी पोलिसांत वर्दी गेली असती, सुनेच्या नावानिशी.

मग अण्णांनी कपाटातून भिंग काढलं आणि मॉनिटरला लावलं. ज्योतीचा पिवळा रंग जिथे नारिंगी होतो तिथे त्यांना ठिपकेच ठिपके दिसले. "छपाई कच्ची आहे." आता, जिफच्या एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग बसतात. फोनच्या तारेतून कूर्मगतीने चित्रं यायची त्या काळातला हा हिशोब आहे, म्हणून मधल्या छटा ठिपके टाकून भागवाव्या लागतात. अण्णांना ते पटलं नाही, पण त्यांनी भिंग खिशात टाकलं.

त्यांना खरा रस वाटला तो पेटंटच्या भानगडीत. जिफमध्ये चित्र आवळून लहान करायची जी रीत वापरली आहे, तिचं पेटंट युनिसिस कंपनीकडे होतं. १९९४ च्या अखेरीस 'आता पैसे भरा' असं जाहीर झालं तेव्हा केवढा गहजब झाला, आणि त्या रागातूनच पीएनजी हा दुसरा प्रकार जन्माला आला. अमेरिकेतलं ते पेटंट २००३ साली संपलं. मी हे सांगत होते आणि अण्णा बोटं मोजत होते. "सत्त्याऐंशी ते चौऱ्याण्णव. सात वर्षं कुणी रजिस्टर तपासलंच नाही?"

दुसऱ्या दिवशी अण्णांनी समईखाली सोसायटीचं नाव टाकायचं ठरवलं. मी ऑफिसात होते. शेजारच्या बारावीतल्या पोराने ती फाईल चित्रं रंगवायच्या प्रोग्रामात उघडली, लाल अक्षरांत नाव लिहिलं आणि सेव्ह केलं. त्या प्रोग्रामाला एकच पान कळतं. त्याने ते ठेवलं, बाकीची चवड फेकून दिली आणि वर त्याच नावाने फाईल बंद केली. संध्याकाळी आले तर पडद्यावर अंधार, त्यात न पेटलेली समई आणि खाली सोसायटीचं नाव. आई म्हणाल्या, "आता हे नुसतं चौकात लावायचं बाकी आहे."

पुन्हा उतरवायला गेले तर ती वेबसाइटच उघडेना. दुसरीकडे तीच समई सापडली, पण तिथे उजवं बटण दाबल्यावर चित्राऐवजी व्हिडिओ सेव्ह करायची गोष्ट निघाली. हल्ली बरीच ठिकाणं हे करतात. हलत्या जिफचं वजन फार, तेच दृश्य व्हिडिओत कितीतरी कमी जागेत मावतं. म्हणून आतल्या आत बिनआवाजाचा एमपीफोर व्हिडिओ करायचा, गोल गोल फिरवायचा आणि वर पाटी मात्र जिफचीच. तिसरीकडे 'डाउनलोड' लिहिलेली हिरवीगार बटणं ओळीने मांडली होती. त्यांतल्या एकाने मला घरबसल्या कर्ज देऊ केलं. खरं बटण खाली कोपऱ्यात करड्या रंगात, कुणाला दिसू नये अशा बेताने ठेवलेलं. ते दाबल्यावर जिफऐवजी वेबपी नावाच्या आणखी वेगळ्याच प्रकारच्या चित्राची फाईल आली. पोराने सुचवलं, "काकू, मोबाईलने पडद्याचं शूटिंगच करू ना." केलं. समईवरून पट्टे सरकत होते आणि वर पंख्याचं प्रतिबिंब फिरत होतं. तेही थोडंच झालं, कारण मोबाईल अण्णांचा आणि त्यात जागा नव्हती. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीचे, पाणी कुठवर चढलं ते दाखवणारे व्हिडिओ येतात, आणि अण्णा दरवर्षीचा मारुती जपून ठेवतात. गुडघ्याएवढ्या पाण्यातला वेगळा, छातीएवढ्या पाण्यातला वेगळा. त्यातला एकही पुसायची टाप नव्हती.

शेवटी पहिलीच वेबसाइट रात्री उशिरा पुन्हा उघडली आणि अस्सल, हलणारी, पाच वातींची जिफ हाती आली. ब्राउझरमध्ये तपासली. पेन ड्राइव्हवर घेतली, मांडवात नेली, टीव्हीला लावली.

टीव्ही म्हणाला, ही फाईल चालत नाही.

त्याला एमपीफोर हवी होती. तीच, जिला मी आदल्या दिवशी 'हे काय भलतंच' म्हणून हाकलली होती. बोलावून आणली. ती लागली, पाचही वाती पेटल्या, ज्योती डुलल्या आणि चार सेकंदांत खेळ संपून पडद्यावर टीव्हीची यादी आली. पुन्हा पुन्हा फिरायचं काम आता टीव्हीचं होतं आणि त्याला ते येत नव्हतं. एक फाईल संपली की यादीतली पुढची लावणं एवढंच त्याला जमायचं.

मी हताश होऊन खुर्चीत बसले. अण्णांचा चेहरा मात्र उजळला होता. "म्हणजे प्रती काढायच्या," ते म्हणाले.

मी दाखवलं: कंट्रोल सी, कंट्रोल व्ही. मग सगळ्या निवडून एकदाच नाव दिलं की कॉम्प्युटर आपोआप पुढे क्रमांक घालतो, समई एक, समई दोन, समई तीन. अण्णांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पुन्हा कामाला बसले. पोराला शेजारी वही घेऊन बसवलं. शंभराचा एक गठ्ठा, गठ्ठ्याला एक फोल्डर, फोल्डरला वहीत एक ओळ आणि ओळीपुढे सही. आरतीच्या वेळी पडद्यावर खाली क्षणभर क्रमांक झळकायचा, तो घालवता येईल असं मी म्हटलं, तर म्हणाले, "राहू दे. नंबराशिवाय माल बाहेर जात नाही."

शेवटच्या गठ्ठ्यात नव्याण्णवच निघाल्या. आईंनी दोनदा पानं वाढल्याचा निरोप पाठवला, तरी अण्णांनी मांडवातून कुणाला हलू दिलं नाही.