नेस्मिथ सरांचं ते व्हायरल चरित्र आणि खरं काय घडलं

बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांचं एक चरित्र सगळ्या ग्रुपवर फिरतंय. शाळेतल्या पोरांना सगळे खेळ शिकवणारा एक अमेरिकन, जेमतेम शिकलेला पीटी मास्तर, त्याला एका रात्रीत हा खेळ सुचला, त्याने टोपल्यांची बुडं कापून त्या भिंतीला टांगल्या, पेटंट घेऊन गडगंज झाला, आणि कोच म्हणून आयुष्यात एकही मॅच हरला नाही. वाचायला भारी वाटतं, पण यातलं जवळजवळ सगळं चुकीचं आहे आणि मला याचा खरंच राग येतो, कारण या माणसाचं खरं आयुष्यच एवढं मोठं आहे की त्याला असल्या थापांची काही गरज नाही.

जेमतेम शिकलेला अमेरिकन? ते मूळचे कॅनडाचे, जन्म १८६१, ऑन्टॅरिओतला, आईवडील लहानपणीच गेले. मॅकगिल युनिव्हर्सिटीची डिग्री, मग धर्मशास्त्र, आणि १८९८ ला डेन्व्हरमधून चक्क डॉक्टरकी. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं १९२५ मध्ये. सगळे खेळ यायचे एवढं मात्र बरोबर, फुटबॉल, लॅक्रॉस (जाळीच्या काठीने बॉल झेलायचा-फेकायचा खेळ), जिम्नॅस्टिक्स सगळ्यांत मुरलेले. आणि ती ‘शाळा’ म्हणजे अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डची, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेची ट्रेनिंग स्कूल, वर्गात पोरं नाहीत, मिशा फुटलेले बाप्ये.

आता ‘एका रात्रीत सुचला’. हे तर अजिबात नाही. हिवाळ्यात बाहेर खेळता येईना, जिममधल्या त्याच त्या कवायतीला वर्ग कंटाळलेला, म्हणून त्यांचे वरिष्ठ ल्यूथर गुलिक यांनी १४ दिवसांत नवीन खेळ काढा असं सांगितलं. नेस्मिथनी आधी फुटबॉल, लॅक्रॉस असले मैदानी खेळच आत खेळवून बघितले, पण बंद जागेत धक्काबुक्की व्हायला लागली. मग त्यांनी नीट विचार केला की रग्बीसारख्या खेळात माणूस बॉल हातात घेऊन पळतो म्हणून त्याला पाडावं लागतं, तर पळूच द्यायचं नाही. आणि फुटबॉलसारखा गोलपोस्ट उभा समोर ठेवला की लोक बॉल जोरात मारतात, म्हणून तो आडवा करून डोक्याच्या वर न्यायचा, म्हणजे बॉल अलगद कमानीत टाकावा लागेल, लहानपणी दगडावरचा दगड पाडायचा खेळ खेळायचे त्याचीच ही आठवण. त्यातून १३ नियम निघाले आणि डिसेंबर १८९१ मध्ये १८ जणांच्या वर्गाचे ९-९ करून पहिली मॅच झाली, १-० ने संपली. त्या १३ नियमांत ड्रिबलिंग, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत पुढे नेणं, नाहीये हो, बॉल पकडला की तिथूनच टाकायचा!

टोपल्यांची बुडं कापली? नाही. मागितले होते खोके, मिळाल्या पीचच्या टोपल्या, त्या बाल्कनीच्या कठड्याला १० फुटांवर ठोकल्या, बुडासकट. बॉल आत पडला की वर चढून काढायचा.

पेटंट वगैरे काही घेतलं नाही, खेळातून पैसाही केला नाही. १९३६ ला बर्लिनमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकचा अधिकृत खेळ झाला तेव्हा त्यांना तिथे नेण्यासाठी अमेरिकेतल्या कोच लोकांनी पैसे जमवले. उघड्या मैदानात पावसात झालेल्या फायनलमध्ये अमेरिकेने कॅनडाला १९-८ ने हरवलं आणि मेडल्स नेस्मिथ यांच्या हातून दिली गेली.

आणि एकही मॅच न हरण्याचं म्हणाल तर पुढे ते अमेरिकेतल्या ज्या कॅन्सस युनिव्हर्सिटीत कोच झाले तिथे त्यांच्या टीमची पहिलीच मॅच १६-५ ने गेली. १९०७ पर्यंत कोच होते, जिंकल्या ५५, हरल्या ६०. त्या युनिव्हर्सिटीच्या पुरुष टीमच्या कोचेसमध्ये हरलेल्या मॅचेस जास्त असलेले हे एकटेच. पण त्यांच्याच हाताखाली खेळलेला फॉग अ‍ॅलन पुढे तिथला नावाजलेला कोच झाला, आणि हा खेळ ऑलिंपिकमध्ये यावा म्हणून झटणाऱ्यांत तोच पुढे होता. त्यामुळे पोस्ट पुढे पाठवायचीच असेल तर ‘अपराजित’ खोडून तिथे ५५-६० लिहा आणि मग पाठवा.