नकाशावरची झरी

गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या आमच्या घरी मी दर रविवारी फोन करतो, आणि जमिनीचा विषय निघाला नाही असा रविवार गेल्या दोन-तीन वर्षांत मला आठवत नाही. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये वाहतुकीला खुला झाला, तेव्हापासून सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, ज्या काजूच्या जमिनींकडे कोणी फिरकत नसे त्यांच्यासाठी दलाल थेट घरापर्यंत येऊ लागले आहेत. शहर येणारच असेल तर भाव आहे तोवर विकून मोकळे का होऊ नये, असे थोरल्या दादाचे म्हणणे. एकही सर्व्हे नंबर सेटलमेंटमध्ये, म्हणजे बांधकामाच्या विभागात, जाऊ देता कामा नये, असे ग्रामसभेत उभे राहून बोलणाऱ्या धाकट्या चुलतभावाचे. दोघांनाही माझे मत हवे असते, कारण मी राहतो ते इंग्लंडमधील मिल्टन कीन्स हे सरकारने ठरवून, आखून वसवलेले शहर आहे.

जानेवारी १९६७ मध्ये सुमारे ८९ चौरस किलोमीटरचे क्षेत्र नव्या शहरासाठी जाहीर झाले. ब्लेचली, वुल्व्हर्टन ही जुनी गावे आणि आसपासची खेडी त्या रेषेच्या आत आली, आणि अडीच लाख लोकांची वस्ती होईल असे धरून एक विकास महामंडळ नेमले गेले. या महामंडळाने जमीन घेताना, शहर होणार म्हणून वाढू शकणारी किंमत हिशेबात धरली जात नसे. शेतजमीन शेतजमिनीच्या जवळपासच्या भावाने सार्वजनिक मालकीत आली, आणि पुढे तिचे मोल वाढले तेव्हा त्या वाढीचा मोठा भाग रस्ते, शाळा आणि पावसाचे पाणी थोपवून धरणारी तळी यांच्या कामी आला. इथले विलेन तळे लोक आज फिरायला जाण्याची जागा म्हणून ओळखतात, पण ते खोदले गेले ते पुराचे पाणी धरून ठेवण्यासाठी. १९९२ मध्ये महामंडळ गुंडाळताना इथली उद्याने आणि हिरवे पट्टे ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे दिले गेले आणि त्यांच्या देखभालीसाठी काही व्यापारी इमारतीही तिच्या नावे झाल्या. त्या इमारतींच्या भाड्यातून आजही झाडे राखली जातात.

हे वाचून गोव्यातील वाचकाला परकी हुशारी वाटेल, पण मला मात्र हे समजल्यावर आपली गावकारी आठवली. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावची जमीन गावकरांच्या संस्थेकडे सामाईक होती. शेते लिलावाने कसायला दिली जात आणि त्या उत्पन्नातून खाजनांचे (खाडीकाठच्या सखल शेतांचे) बांध, मानशी (पाण्याची दारे), वाटा आणि देवकार्य यांचा खर्च भागत असे. जमिनीच्या उत्पन्नातूनच जमिनीची राखण व्हावी, हा विचार आपल्याच भूमीत रुजलेला आहे. पुढे पोर्तुगीज राजवटीत गावकारीचे ‘कोमुनिदाद’ या संस्थेत रूपांतर झाले, कायदे बदलले आणि तो व्यवहार क्षीण होत गेला, याची खंत मला इथे आल्यावर अधिक तीव्रतेने जाणवली.

इथल्या नव्या शहरांचा इतिहास मात्र निर्मळ नाही. नव्या शहरांच्या १९४६ च्या कायद्यानंतर लंडनच्या उत्तरेला स्टीव्हनेज हे पहिले नवे शहर जाहीर झाले; त्याआधीच तिथे संबंधित मंत्री लुईस सिल्किन यांनी विरोध करणाऱ्या सभेला, तुम्ही कितीही ओरडलात तरी हे होणारच, अशा अर्थाचे सुनावले होते. रहिवासी न्यायालयात गेले, खालच्या न्यायालयात जिंकले आणि १९४७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये हरले. मराठी माणसाला यासाठी इंग्लंडपर्यंत येण्याचीही गरज नाही. नवी मुंबईसाठी सिडकोने ९५ गावांची जमीन घेतली, १९८४ मध्ये जासईच्या परिसरात आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जणांचे बळी गेले, आणि विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा मूळ मालकांना परत देण्याची योजना त्या संघर्षानंतर आली. म्हणून सरकारने शहर वसवावे असे मी म्हणतो तेव्हा सरकारवर डोळे मिटून विश्वास ठेवा असे मला म्हणायचे नसते.

गोव्यात मला खरी अडचण वेगळीच दिसते: शहर कुठे व्हायचे, हे कोणीच ठरवत नाही. २०११ च्या जनगणनेत राज्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी ठरली, पण त्या वस्तीतील कितीतरी गावांचा कारभार पंचायतीकडेच राहिला. गोवा बचाव अभियानाच्या आंदोलनानंतर २००७ मध्ये सरकारला २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा मागे घ्यावा लागला. मग नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक असलेले वास्तुविशारद चार्ल्स कोरिया ज्यात होते त्या कृती दलाकडे २०२१ पर्यंतच्या आराखड्याचे काम आले, गावोगावी लोक नकाशे पसरून बसले, आणि २०१२ मध्ये तो आराखडाच स्थगित झाला. नंतर नगर आणि ग्राम नियोजन कायद्यात आधी कलम १६ ब, २०२३ मध्ये १७(२) आणि २०२४ मध्ये ३९ अ घालण्यात आले. अर्ज करणाऱ्याच्या भूखंडापुरता जमीन-वापराचा विभाग बदलून मिळण्याची वाट त्यांनी मोकळी केली. १७(२) खालचे नियम मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्दबातल ठरवले.

भूखंडागणिक होणाऱ्या अशा बदलात जमिनीचे मोल एका रात्रीत वाढते आणि ते सगळे त्या भूखंडाच्या मालकाच्या पदरात पडते. पाण्याची जोडणी, सांडपाण्याचे टँकर, अरुंद रस्त्यावरची गर्दी मात्र पंचायतीच्या वाट्याला येते. सरकारी प्रकल्पही माहितीच्या बाबतीत निर्दोष नसतात. मोपाच्या अर्जात जंगल आणि संवेदनशील क्षेत्राचा पुरेसा उल्लेख नव्हता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये त्याची पर्यावरण मंजुरी स्थगित केली होती. जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठली.

मिल्टन कीन्स जसेच्या तसे गोव्यात आणावे, असे सुचवणे मला चुकीचे वाटते. हे शहर मोटारींसाठी आखले गेले, दर किलोमीटरभर रुंद रस्ता टाकून, आणि ज्याच्याकडे गाडी नाही त्याला त्याचा त्रास आजही होतो. अवघ्या ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात, एका बाजूला सह्याद्री आणि दुसऱ्या बाजूला खाजने असताना, इतके पसरलेले शहर परवडणार नाही. घ्यायचे ते एवढेच, की रेषा आधी आणि उघडपणे आखावी, रेषेच्या आतील वाढीव मोलात मूळ मालक, कुळे, मुंडकार (मालकाच्या जमिनीत घर करून राहणारे) आणि गाव यांचा वाटा कायद्याने ठरवावा, आणि रेषेबाहेरील जमीन खरोखरच बाहेर राहावी.

गेल्या रविवारी दादाने विचारले की मग विकू की नको. मी त्याला आमच्या काजूच्या बागेखालच्या झरीबद्दल विचारले. सड्यावरचा जांभा पावसाचे पाणी पितो आणि उताराखाली ते झिरपून बाहेर येते. आमच्यासकट पाच घरांचे कुळागर (पोफळी-नारळाची बाग) उन्हाळ्यात त्याच पाण्यावर तगते. ती झरी कोणत्याही नकाशात दाखवलेली नाही, असे तो म्हणाला. चुलतभाऊ आता तिची जागा, ती कधी आटते आणि कोणाच्या पाटाला जाते हे लिहून काढतो आहे, आणि पुढच्या ग्रामसभेपुढे तो कागद ठेवायचा असे दोघांचेही ठरले आहे. जमीन विकण्याचे दादाने तोवर थांबवले आहे.