‘सर्व्हिस’ छापलेले गांधी तिकीट केव्हा अस्सल मानावे?

महात्मा गांधींचे १९४८चे १० रुपयांचे टपाल तिकीट घरात सापडले, त्यावर ‘सर्व्हिस’ ही अक्षरे असली, कागद पिवळा पडलेला असला आणि वर टपालाचा शिक्का दिसला, की ते अस्सल व कोटीच्या मोलाचे समजावे, असा मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा उगम खऱ्या घटनेत आहे : २०१७मध्ये अशा चार जोडतिकिटांची पट्टी ५ लाख पौंडांना विकली गेली. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र चुकीचे आहेत.

पहिला मुद्दा किमतीचा. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेली साधी तिकिटे लोकांना टपाल कार्यालयात मिळत होती. ‘सर्व्हिस’ अधिमुद्रणाची, म्हणजे छापून झालेल्या तिकिटावर वरून ही अक्षरे छापलेली, तिकिटे गव्हर्नर जनरल यांच्या कार्यालयासाठी होती आणि प्रत्येक दर्शनी किमतीची केवळ १०० केली गेली. साध्या तिकिटाला तो भाव लावता येत नाही.

पिवळा कागद आणि शिक्का यांना पुरावा म्हणणे त्याहून धोक्याचे आहे, कारण कागद चहाच्या पाण्यात बुडवूनही पिवळा करता येतो आणि शिक्काही बनावट मारता येतो. ही तिकिटे स्वित्झर्लंडच्या कुर्व्हाझिए छापखान्यात फोटोग्रॅव्ह्युअर (कोरीव साच्यावरून छपाईच्या) पद्धतीने छापली गेली. त्यांचे परफोरेशन, म्हणजे कडेच्या दात्यांचे माप, साडेअकराचे आहे, म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा दाते बसतात. भिंगाखाली चेहऱ्यावर आजच्या ऑफसेट छपाईतले वेगवेगळ्या रंगांचे ठिपके दिसले, किंवा अतिनील प्रकाशात कागद निळसर पांढरा चमकला, तर तिकीट नंतरचे असण्याची दाट शक्यता धरावी.

पण हे सारे जुळले तरी मूळ प्रश्न सुटत नाही, आणि फिरणारा मजकूर नेमका इथेच गप्प आहे. अस्सल साध्या तिकिटावर मागाहून ‘सर्व्हिस’ छापले, तर कागद, दाते, चित्र सगळे खरेच असते. खोटी असतात ती फक्त अक्षरे. त्यांचे वळण, जाडी, अंतर आणि शाई खात्रीच्या नमुन्याशी ताडावी लागते, आणि ते घरबसल्या होत नाही.

म्हणूनच वंशावळ हवी, म्हणजे तिकीट कुणाकडून कुणाकडे आले याचा माग. ‘आजोबांच्या अल्बममधले’ हे सांगणे मनापासूनचे असते, पण आजोबांनीही ते कुणाकडून तरी घेतलेले असू शकते. जुन्या लिलावाच्या यादीतल्या छायाचित्राशी दाते आणि शिक्क्याची जागा जुळणे, किंवा लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीसारख्या तिकीट-अभ्यासकांच्या संस्थेच्या तज्ज्ञ समितीचे छायाचित्रासह प्रमाणपत्र, याला वजन आहे. विक्रेत्याने स्वतः लिहून दिलेल्या हमीला नाही. आणि तिकीट पाकिटावर चिकटलेले असेल तर ते सोडवू नये, कारण पत्ता, तारीख आणि शिक्क्याचा पाकिटावर गेलेला भाग हाच त्याचा इतिहास असतो.