काळ्या ट्यूबमधली राखुंडी

भाचीचं लग्न डिसेंबरात. ऑक्टोबरपासूनच घरात दात पांढरे करायची मोहीम सुरू झाली. आधी कोळशाची काळी ट्यूब आली, मग कुठलंसं रील बघून लिंबू. तीन आठवड्यांत पोरगी माठातलं पाणीसुद्धा पिईना. "मावशी, दात आंबल्यासारखे झालेत गं, पण मी चिंचबिंच काहीच खाल्लं नाही!"

अगं बाई, खाल्लं नाहीस, पण चोळलंस की! लिंबाच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 2 च्या आसपास, आणि साडेपाचच्या खाली गेलं की इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, विरघळायला लागतं. त्या मऊ पडलेल्या थरावर वरून ब्रश म्हणजे ओल्या भिंतीवर खराटा. (कैरी, कोल्ड्रिंक झाल्यावर आधी चूळ भरा, घासायचं ते अर्ध्या तासानं.)

माझा खरा राग 'व्हाइटनिंग' या शब्दावर आहे. दात मुळात कागदासारखे पांढरे नसतातच. इनॅमल अर्धपारदर्शक, त्याच्या आतलं डेंटिन पिवळसर. घासघासून वरचा थर पातळ केला की आतला पिवळा रंग जास्तच दिसतो. मग माणूस आणखी जोरात घासतो! इनॅमल शरीरातला सगळ्यात कठीण भाग, सुमारे 96 टक्के खनिज. पण ते घडवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंतच असतात. लाळ आणि फ्लोराइड मऊ पडलेला थर थोडाफार सावरतात. झिजून गेलेला मात्र परत येत नाही.

बाजारातल्या बहुतेक पेस्ट चहाकॉफीचे वरवरचे डाग काढतात, एवढंच. काही निळसर-जांभळ्या असतात, त्यांची गंमत धोतराला नीळ देण्यासारखी: दिसायला पांढरं, धुतलं की गेलं. निरुपद्रवी आहे, चालू द्या.

पेरॉक्साइडचं ब्लीचिंग वेगळं, त्यानं दाताच्या आतला रंग खरंच उतरतो. पण ते डॉक्टरांकडे, हिरड्या झाकून. युरोपीय संघात 2012 पासून 0.1 टक्क्याच्या वरचं पेरॉक्साइड दंतवैद्याशिवाय वापरता येत नाही, आणि तेही 6 टक्क्यांपर्यंतच; अठराच्या आतल्यांना तर नाहीच. आपल्याकडे ब्लीचिंगच्या पट्ट्या घरपोच येतात. कॅप आणि फिलिंग ब्लीचिंगनं पांढरी होत नाहीत, हे विकणारा कशाला सांगेल? आणि चंद्रपूर-यवतमाळकडच्या गावांत लहानपणी अति फ्लोराइडचं पाणी पिऊन दातांवर तपकिरी डाग पडलेल्यांना या पेस्ट विकणं तर मला सरळ फसवणूक वाटते. तो डाग वरून बसलेला नसतो, इनॅमल घडतानाच त्यात मुरलेला असतो.

आजी गोवरीच्या राखेची राखुंडी लावायची, आम्ही हसायचो. शेजारच्या काकू मिश्री लावायच्या, त्यांना तर आई रागवायचीच. आता तीच काजळी चकचकीत ट्यूबमध्ये भरून आली की आम्ही पैसे मोजून घेतो.

भाची आता साध्या फ्लोराइडच्या पेस्टवर आली आहे, मऊ ब्रशनं. उरलेली काळी ट्यूब मी पितळी समईला लावली. काय लख्ख निघाली म्हणून सांगू!