पर्यावरण शिकवा, पण लागण होऊ देऊ नका

अभियांत्रिकीच्या पोरांना शाश्वत विकास शिकवायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? घाबरू नका. साथीच्या पेशंटसारखं विषयाला वेगळ्या खोलीत ठेवा. स्वतंत्र पेपर, जेवणानंतरचा तास, आणि गुण एकूण टक्केवारीत धरायचे नाहीत. मग तो डिझाइनच्या विषयांना लागत नाही.

सुरुवात व्याख्येने. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाचा १९८७चा ब्रुंटलँड अहवाल: पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं. घोकून घ्या. ‘पुढची पिढी’ म्हणजे समोर पेंगतेय तीच, हे मात्र बोलू नका. उगीच झोपमोड.

त्याच साली मॉन्ट्रियलला ओझोनखाऊ वायूंना आवर घालणारा करार झाला, हेही सांगायला हरकत नाही. फक्त ते वायू फ्रिजमध्ये आणणारा टॉमस मिजली इंजिनिअर होता, हे गाळा. याच गृहस्थाने १९२१मध्ये पेट्रोलमध्ये शिसं घालून इंजिनाचं नॉकिंग (अवेळी पेट घेणाऱ्या इंधनाची ठकठक) थांबवलं होतं. विचारलेला प्रश्न दोन्हीदा अचूक सोडवला, पैकीच्या पैकी! न विचारलेला पुढच्यांनी निस्तरला. खरं तर डिझाइनच्या पहिल्याच तासाला हा माणूस शिकवायला हवा, पण आम्हाला विचारतो कोण.

खरी काळजी घ्यायची ती काँक्रीटच्या तासाला. सिमेंटसाठी चुनखडी भाजली की चुना होतो, एवढंच सांगा. फळ्यावर कॅल्शियम ऑक्साइड लिहून झालं, की पुढचं अधिकचं चिन्ह काढायच्या आत डस्टर उचला. कारण त्यापुढे कार्बन डायऑक्साइड येतो, १०० किलो शुद्ध चुनखडीमागे ४४ किलो. भट्टी उन्हावर चालवली तरी तो येतोच. इंधनाचा धूर वेगळा. जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंटचा वाटा साधारण ७-८ टक्के, हे कळलं की मागच्या बाकावरून एखादी उठतेच. “सर, काँक्रीटच्या तुळईची खोली (उभी जाडी) एवढी कशाला? हिशोबात कमी पुरतेय.”

आता आली का पंचाईत! वीस वर्षं आपण ‘असू दे, सेफ साइड’ म्हणत ५० मिमी वाढवत आलो. तिला म्हणा, तो प्रश्न पर्यावरणाच्या तासाला विचार. तिथले सर म्हणतील, हा डिझाइनचा आहे.

तरीही परीक्षेत ती कमी खोलीची तुळई काढेल, सगळ्या तपासण्या बसवेल आणि खाली किती सिमेंट वाचलं तेही लिहील. तुम्ही नमुना उत्तर बघा. ५० मिमी कमी भरतात. एक गुण कापा.