फ्लूच्या लशीचा खर्च नेमका कुठे होतो? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार 'हिशेबी नाशिककर',

तुमची प्रतिक्रिया लांबलचक होती आणि तिखटही, त्यामुळे खाली दोन ओळींत उरकण्यापेक्षा स्वतंत्रच लिहिते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंग्लंडमधल्या फ्लूच्या लसीकरणावर मी लिहिलं होतं की एका टोचणीमागे सर्जरीला (म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्याला) साधारण दहा पौंड मिळतात आणि तेवढ्यात एखादं म्हातारं माणूस हॉस्पिटलच्या खाटेपासून वाचत असेल तर सौदा वाईट नाही. तुमचं म्हणणं असं की दहा पौंड हा आकडा फसवा आहे, खरा खर्च त्याच्या मागे दडलाय. दुसरं, जी लस दरवर्षी बदलते आणि एका वर्षी तर जेमतेम ३ टक्के चालली, ती म्हणजे औषध कंपन्यांना मोकळं सोडलेलं कुरण. आणि तिसरं, असलं काही भारतात सुरू करा म्हणणं म्हणजे परदेशात बसून दिलेला फुकटचा सल्ला.

पहिल्या मुद्द्यावर आपलं भांडण नाहीच. दहा पौंड ही निव्वळ टोचणावळ आहे. इंग्लंडमध्ये ती बरीच वर्षं १० पौंड ६ पेन्स होती. लशीची किंमत वेगळी, तीही प्रकारानुसार दहाच्या आगेमागे. २०२१च्या जनगणनेत इंग्लंडमध्ये पासष्टीच्या वरची माणसं १ कोटी ४ लाख भरली. त्यातल्या पाऊण लोकांनी लस घेतली तरी एकट्या टोचणावळीचे पावणेआठ कोटी पौंड होतात. त्यात लस धरा, आणि मग गरोदर बायका, दमा-मधुमेहवाले, शाळकरी मुलं, आरोग्य कर्मचारी. एवढं सगळं मिळून एक हिवाळा सरतो, आणि पुढच्या वर्षी पाटी कोरी.

पण तुम्ही एकूण खर्चाला डोक्यांनी भागलंत आणि सरासरी काढलीत. माझा आक्षेप त्या सरासरीला आहे. मी एका सर्जरीत लशींच्या ऑर्डरी आणि त्यांचा हिशेब बघते. तिथे रोज दिसतं की एक डोस दुसऱ्या डोससारखा नसतो. ऑक्टोबरमधला शनिवार घ्या. वेळा पंधरवडाभर आधी मेसेजवर ठरलेल्या असतात. म्हातारी मंडळी जाड कोट हातावर टाकून, बाही आधीच गुंडाळून रांगेत उभी. नाव, जन्मतारीख, 'आज ताप नाही ना?', टोच, सुई पिवळ्या डब्यात, नोंद कॉम्प्युटरवर, पुढचे आजोबा. दोन-तीन मिनिटांत माणूस मोकळा. हा झाला स्वस्त डोस. आता ज्यांना घरातून हलता येत नाही अशा एका आजींचा विचार करा. डिस्ट्रिक्ट नर्स गाडीने जाणार, लस थंड पेटीतून नेणार, दार उघडायला पाच मिनिटं, लेकीला फोन लावून संमती, टोचल्यावर थोडा वेळ थांबणं. लस तीच, सुई तीच, खर्च मात्र कितीतरी पट. माणूस काहीतरी कामासाठी दारात येणारच होता, की त्याच्यासाठी मुद्दाम दार उघडावं लागलं, यावर कार्यक्रमाची किंमत ठरते.

म्हणूनच इथली रचना दारं शोधत गेलेली दिसते. पासष्टीच्या वरच्या सगळ्यांना २००० सालापासून लस मिळते. २०१० मध्ये गरोदर बायका आल्या. त्यांच्या तपासण्या ठरलेल्याच असतात. २०१५पासून इंग्लंडभरच्या फार्मस्यांमध्ये लस मिळू लागली, कारण महिन्याची औषधं न्यायला तिथे माणूस जातोच. मुलांसाठी २०१२ मध्ये लसीकरणाच्या तज्ज्ञ समितीने, म्हणजे जेसीव्हीआयने, शिफारस केली आणि २०१३पासून टप्प्याटप्प्याने नाकात मारायचा फवारा सुरू झाला. शाळेत एका सकाळी अख्खे वर्ग होतात. शिवाय पोरंच घरात फ्लू आणतात, त्यामुळे नातवाला दिलेला फवारा आजीलाही थोडाफार उपयोगी पडतो. त्या समितीच्या हिशेबात ही दुसरी बाजूही धरली होती, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता ३ टक्क्यांचं. आकडा खरा आहे. २०१४-१५च्या हिवाळ्यात एच३एन२ हा फ्लूच्या विषाणूचा प्रकार बदलला आणि लस किती चालली याचा ब्रिटनचा मधल्या टप्प्याचा अंदाज फेब्रुवारी २०१५ मध्ये ३.४ टक्के आला. सगळ्या पेपरांनी तोच छापला. हंगाम संपल्यावर पूर्ण आकडेवारी बसली तेव्हा तो ३४ टक्क्यांच्या आसपास गेला; ही बातमी फारशी कुणी छापली नाही. ३४ टक्केही काही मिरवण्यासारखे नाहीत, हे मान्य. पण ३ आणि ३४ यांत केवढं अंतर आहे, हे हिशेबी माणसाला मी काय सांगू!

अशी वर्षं येणार, कारण हा सगळा मामला आगाऊ पैजेचा आहे. पुढच्या हिवाळ्यासाठी कुठले विषाणू घ्यायचे ते जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत ठरवते. बहुतेक लस अजूनही कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात, त्यात सहा महिने जातात. सर्जरीची ऑर्डर तर त्याच सुमाराला, कधी त्याआधीच द्यावी लागते, म्हणजे चालू हंगामाचे उरलेले डोस फ्रिजमध्ये पडलेले असतानाच. मोठ्यांची लस इंग्लंडमध्ये सर्जरी स्वतः विकत घेते आणि पैसे नंतर मिळतात, तेही टोचलेल्या डोसचे. जास्त मागवली तर उरलेली आपल्या माथी (काही पुरवठादार ठरावीक हिस्सा परत घेतात, तेवढाच दिलासा), कमी मागवली तर नोव्हेंबरात लोकांच्या शिव्या. फ्रिज २ ते ८ अंशांतच हवा, त्याचा आकडा रोज वहीत. मार्चमध्ये मागच्या कप्प्यातून मुदत संपत आलेले खोके काढताना जे वाटतं ते कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. आणि गोवराची लस पुढच्या वर्षी चालते, ही चालत नाही.

पुरवठ्याचं घोंगडं वेगळंच. २०१८ मध्ये पासष्टीवरच्यांसाठी जास्त परिणामकारक लस आली, पण बनवणारी कंपनी एकच. माल तीन हप्त्यांत आला: सप्टेंबरात ४० टक्के, ऑक्टोबरात २० आणि नोव्हेंबरात ४०. सगळ्यांची वेळापत्रकं कोलमडली. त्याआधी २००४ च्या ऑक्टोबरात कायरॉन कंपनीच्या लिव्हरपूलमधल्या कारखान्याचा परवाना दूषिततेमुळे स्थगित झाला आणि अमेरिकेचा त्या वर्षीचा जवळजवळ निम्मा साठा गेला. कुरण म्हणता, पण त्यात चरणारे असे मोजकेच आहेत. मला खरी चिंता तिथे वाटते, नफ्याची नंतर.

बाकी सरकार डोळे मिटून पैसे ओततं म्हणाल, तर तसंही नाही. एक वर्ष चांगलं जगण्यामागे साधारण २० हजार पौंडांपर्यंतच खर्च परवडतो, या फुटपट्टीवर लशी इथे तपासल्या जातात. कोविडच्या काळात पन्नास ते चौसष्ट वयाच्या सगळ्यांना मोफत लस दिली होती. २०२३ मध्ये इंग्लंडने तो गट पुन्हा वगळला. माझ्या नवऱ्याचं वय त्यातलंच, तो अजून कुरकुरतो.

आणि आता भारत. सगळ्यांना लस द्या असं मी लिहिलं नव्हतं, आणि लिहिणारही नाही. २०११च्या जनगणनेतच साठीवरची माणसं १० कोटी ३८ लाख होती. सरकारी खरेदीत लस समजा २०० रुपयांना मिळाली, तरी नुसत्या लशीचे दोन हजार कोटींच्या वर, तेही दरवर्षी. शिवाय ज्येष्ठांना एकत्र आणणारं ठरलेलं दार आपल्याकडे नाही, म्हणजे बहुतेक डोस महागातले. त्यात भारतभर एकच हंगाम नाही. श्रीनगरला फ्लू हिवाळ्यात येतो, महाराष्ट्रात मुख्यतः पावसाळ्यात, शिवाय जानेवारी-मार्चमध्येही डोकं वर काढतो. दिल्लीत ठरलेली एकच तारीख सगळीकडे चालायची नाही.

पण गरोदर बायकांचं बघा. देशात वर्षाला सुमारे २ कोटी ९० लाख गरोदर बायका सार्वत्रिक लसीकरणाच्या कक्षेत येतात. त्या धनुर्वाताच्या लशीसाठी उपकेंद्रात येतातच. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणी होतेच. आशाताई यादी घेऊन घरोघर फिरलेलीच असते, सिस्टरच्या व्हॅक्सिन कॅरियरमध्ये बर्फही असतोच. त्याच २०० रुपयांच्या हिशेबाने लशीचे ५८० कोटी. दार आधीच उघडं असल्याने वरचा खर्च बराच कमी. आईला दिलेल्या लशीचं संरक्षण बाळालाही मिळतं, आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची दुसरी लसच नाही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये गरोदर बायकांना आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना मोफत लस देऊन सुरुवात केलीही होती. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूच्या साथीत पुण्यात नायडू हॉस्पिटलबाहेर लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या त्यांना ती का केली हे सांगायला नको. देशाच्या सार्वत्रिक लसीकरणात मात्र फ्लू अजून नाही. ५८० कोटी हा माझा ढोबळ अंदाज आहे, तो तुम्ही जरूर फाडून काढा. पण दर डोसचा वेगळा हिशेब मांडून, सरासरीने नको.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलंत की तुमचं वय अडुसष्ट, मधुमेह आहे, तर खिशातले दीड-दोन हजार घालावेत का. तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण माझं मत विचाराल तर घाला. पावसाळ्याआधी, मेच्या सुमाराला घ्या, आणि टोचून घेण्याआधी खोका हातात घेऊन त्यावर कुठल्या हंगामाची लस आहे ते वाचा. दुकानात कधी गेल्या हिवाळ्याचा माल उरलेला असतो.